हट्टी लेकराला शिस्त लावताना या चुका टाळा

जानेवारीत सोलापूरला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत हे हमखास दिसतं. चार-पाच वर्षांचं लेकरू पाळण्यात दोनदा बसून आलेलं असतं आणि तिसऱ्यांदा बसायचं म्हणून होम मैदानाच्या धुळीत लोळण घेतं. आई "नाही म्हणजे नाही" म्हणते, बाबा डोळे वटारतात, आजी म्हणते, "लोक बघायलेत, बसवा की एकदा." दहाव्या मिनिटाला तिकीट काढलं जातं.

लेकरू यातून एवढंच शिकतं की दहा मिनिटं रडलं की पाळणा मिळतो. कधी मिळतो, कधी नाही, असं झालं तर हट्ट जास्तच चिवट होतो, कारण 'आज मिळेल' ही आशा सुटत नाही. तुम्ही ठाम राहायला लागलात की पहिले काही दिवस रडणं उलट वाढतं. जुना उपाय चालेना म्हणून ते आणखी जोर लावतं. बहुतेक घरं नेमकी इथेच माघार घेतात आणि "आमच्या पोराला हे लागू पडत नाही" म्हणतात. दोन दिवसांत गुण येत नाही, काही आठवडे धीर धरावाच लागतो.

म्हणून द्यायचंच असेल तर पहिल्या मागणीलाच द्या. एकदा "नाही" म्हटलं की ते बदलू नका. मैदानात शिरण्याआधी "दोन पाळणे, एक खेळणं, मग घर" असं सांगा आणि त्याच्या तोंडून वदवून घ्या. आजी-आजोबांनाही तेच सांगून ठेवा.

दुसरी मोठी चूक म्हणजे रडण्याच्या भरात उपदेश करणं. भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पक्का व्हायला विशी उलटते. चार वर्षांचं लेकरू किंचाळत असताना "असं का केलंस?" याचं उत्तर त्याच्याकडे नसतंच. त्या वेळी गुडघ्यावर बसा, डोळ्यांच्या पातळीवर या आणि आवाज खाली आणा. एकच छोटं वाक्य बोला: "राग आलाय तुला. मारायचं मात्र नाही." हात उगारला तर हळूच धरा, मग गप्प राहा. ओरडणं थांबलं की पाणी द्या. शिकवणी त्यानंतर, तीही दोन मिनिटांची: काय झालं, कसं वाटलं, पुढच्या वेळी काय करशील. "परत मागायचं कसं?" हे करूनच दाखवायला लावा.

"मुलीसारखा रडतोस काय" हे वाक्य घरातून कायमचं काढा. पोलीस, बुवा, सुई टोचणारा डॉक्टर यांची भीती घालू नका, खरी गरज पडेल तेव्हा लेकरू त्यांच्याकडेच जायला घाबरेल. रडणं थांबवायला मोबाइल देणं सगळ्यात वाईट, कारण शांत कसं व्हायचं याचा सरावच बुडतो. जबरदस्तीच्या 'सॉरी'ऐवजी फेकलेले ठोकळे त्यालाच उचलायला लावा, मोडलेला खेळ चिकटवायला बसवा. शाळेत मारायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंदी आहे. घरातला धपाटाही एवढंच शिकवतो की राग आला की मोठ्या माणसानं हात उचलायचा.

"शहाणं बाळ" म्हणण्यापेक्षा "राग आला तरी ढकललं नाहीस" असं नेमकं बोला, तेही लगेच.

पाच वर्षांनंतरही रोज आकांत होत असेल, लेकरू स्वतःला इजा करत असेल किंवा रडताना निळं पडत असेल, तर घरचे उपाय थांबवा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा.