ऑर्डर देऊन बनवून घेतलेली स्पोर्ट्स कार ताब्यात घेताय? या चुका टाळा

रंग, सीटवरच्या शिलाईचा धागा, चाकांची फिनिश, ब्रेकचा प्रकार असं एकेक निवडून मागवलेली गाडी कित्येक महिन्यांनी समोर उभी राहते, तेव्हा ती बारकाईने तपासायच्या मनःस्थितीत कुणीच नसतं. फोटो काढायचे असतात, घरची माणसं सोबत असतात, विक्री प्रतिनिधी किल्ली पुढे करत असतो. त्या गडबडीत ताबा घेतल्याच्या कागदावर सही होऊन जाते. सही होण्याआधी गाडीतली प्रत्येक खोट विक्रेत्याने निस्तरायची असते. सही झाली की 'हे आधीपासूनच होतं' हे दाखवून द्यायचं काम बहुतेक वेळा तुमच्यावर येतं. पुढच्या बहुतेक चुकांची जड किंमत त्या एका सहीमुळे मोजावी लागते.

अंदाजे तारीख पक्की धरणं

गाडी कारखान्यातून निघाली की येण्याची एक अंदाजे तारीख कळते आणि लोक तिच्यावर सगळं बेतून बसतात. जुनी गाडी विकतात, रजा टाकतात, संरक्षक फिल्म लावणाऱ्याची वेळ घेतात. बंदरात आठवडेच्या आठवडे थांबणं, वाहतुकीत किरकोळ इजा होऊन दुरुस्तीला जाणं हे नेहमीचं आहे. मोठे अपघातही झाले आहेत. मार्च 2019 मध्ये 'ग्रांदे अमेरिका' हे जहाज आग लागून बुडालं. त्यावर पोर्शेच्या 911 जीटी2 आरएस होत्या. त्या मॉडेलचं उत्पादन संपलेलं असूनही कंपनीला त्या गाड्या पुन्हा बनवायला घ्याव्या लागल्या. फेब्रुवारी 2022 मध्ये सुमारे 4,000 गाड्या घेऊन निघालेलं 'फेलिसिटी एस' अझोर्स बेटांजवळ पेटलं आणि 1 मार्चला बुडालं. असं क्वचितच घडतं, पण गाडी विक्रेत्याच्या आवारात येऊन तिची पूर्वतपासणी (ताबा देण्याआधी विक्रेता करतो ती तपासणी) होईपर्यंत जुनी गाडी हातची सोडू नये, एवढं मी नक्की सांगेन.

ऑर्डर शीट घरी ठेवून जाणं

ऑर्डर पक्की होण्याआधी ती चार-पाच वेळा बदललेली असते. तुमच्या फोनमधली प्रत बऱ्याचदा त्यातली जुनीच निघते. शेवटचा बदल झाल्यानंतरची, पर्यायांचे कोड असलेली प्रत विक्रेत्याकडून मागून घ्या, छापून न्या आणि एकेका ओळीवर खूण करत गाडीभोवती फिरा.

दिसणाऱ्या गोष्टी सोप्या असतात: कॅलिपरचा (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) रंग, सीटबेल्टचा रंग, एक्झॉस्टची टोकं, मागची नावाची अक्षरं काढायला सांगितली होती की नाही. चूक राहते ती न दिसणाऱ्या गोष्टींत. हवेशीर सीट आणि साधी सीट लांबून सारख्याच दिसतात. पुढचा भाग उचलणारी लिफ्ट, बदलते डँपर (सस्पेन्शनचे कडकपणा बदलता येणारे शॉक ॲब्सॉर्बर), स्पोर्ट्स एक्झॉस्ट, वरच्या दर्जाची साउंड सिस्टिम हे सगळं चालवून बघितल्याशिवाय कळत नाही. इंजिन सुरू करून लिफ्ट वर घ्या आणि दोन्ही बाजू सारख्या उचलल्या जातात का ते बाहेर उभं राहून बघा. सीटची हीटिंग लावून बसून राहा. मागचा स्पॉयलर वर-खाली करा. दोन्ही किल्ल्यांनी दारं उघडून बघा, एका किल्लीवर समाधान मानू नका.

सिरॅमिक ब्रेक मागवले असतील तर नुसत्या कॅलिपरच्या रंगावर जाऊ नका, कारण तो रंग वेगळा निवडता येतो. डिस्क जवळून बघा. कार्बन सिरॅमिक डिस्कचा पृष्ठभाग करडा असतो, त्यात तंतूंसारखी चित्रविचित्र नक्षी दिसते आणि तिच्यावर गंज धरत नाही. लोखंडी डिस्क पावसात एक रात्र उभी राहिली की तांबूस होते.

चेसिस नंबरही याच वेळी जुळवा. तो 17 अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती 1 आणि 0 यांच्याशी गल्लत करतात. काचेखालचा, बॉडीवरचा आणि कागदांवरचा नंबर तंतोतंत एक हवा. एका अक्षराची चूक नोंदणी आणि विमा दोन्ही अडकवते.

काही राहिलंच असेल तर ते नंतर बसवता येण्यासारखं आहे का, हे आधी ठरवा. सॉफ्टवेअरने सुरू होणारी सोय एका दिवसाचं काम असतं. डँपर, ब्रेक किंवा पुढची लिफ्ट नंतर बसवणं मात्र फार खर्चिक असतं आणि कित्येकदा कंपनी त्याला परवानगीच देत नाही. तेव्हा तारखेसह लेखी हमी, किमतीत सूट की गाडी नाकारायची, हा निर्णय सहीआधीच घ्यावा लागतो. विक्री प्रतिनिधी 'बघतो, करून देऊ' म्हणतो तेव्हा तो मनापासून म्हणत असेलही, पण पुढच्या वर्षी तो तिथे नोकरीला असेलच असं नाही.

'चकाचक धुऊन ठेवा' असं सांगणं

या चुकीचे व्रण गाडीवर सगळ्यात जास्त दिवस राहतात. डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी घाईघाईत, एकाच स्पंजने, अनेक गाड्यांच्या मागोमाग धुतलेल्या नव्या गाडीवर गोल-गोल बारीक रेषा पडतात. काळ्या किंवा गडद निळ्या रंगावर पहिल्याच उन्हात त्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसतात. त्यावर मशीनने पॉलिश मारलं की रेषा जातात, पण सोबत क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थरही झिजतो. मॅट रंगाला तर पॉलिशचा उपायच नाही; तिथे ओरखडा गेला नाही तर अख्खा पॅनल रंगवावा लागतो.

म्हणून गाडी येण्याआधीच ईमेलने तीन गोष्टी कळवा: धुऊ नये, पॉलिश करू नये, आणि मला विचारल्याशिवाय पुढच्या बंपरला नंबर प्लेटसाठी भोकं पाडू नयेत. वाहतुकीत लावलेली पांढरी फिल्म तुमच्यासमोर काढायलाही सांगा.

यात एक अडचण आहे. न धुतलेल्या गाडीवरची धूळ ओरखडे झाकते. मधला मार्ग असा की तुमच्यासमोर नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने धूळ काढून घ्यायची, स्वच्छ मऊ कापडाने हलकेच टिपायचं आणि मग बघायचं. पूर्ण कोरडी होईपर्यंत तपासू नका. ओल्या रंगावर अर्धे दोष दिसत नाहीत, म्हणून पावसात डिलिव्हरी असेल तर छपराखाली न्या. शोरूमचे दिवे गाडी सुंदर दिसावी म्हणून लावलेले असतात. दिवसाउजेडी बाहेर उभी करा आणि फोनचा टॉर्च तिरपा धरून दारांच्या खालच्या कडा, छत आणि मागच्या बंपरची वरची कड बघा. प्लास्टिकच्या बंपरची छटा शेजारच्या धातूच्या पॅनलपेक्षा किंचित वेगळी दिसणं मेटॅलिक रंगांत सामान्य आहे. एकाच पॅनलच्या दोन भागांत छटा बदलत असेल तर मात्र थांबा आणि विचारा.

काही जण रंगाची जाडी मोजायचं मीटर घेऊन जातात. चांगली सवय आहे, पण मीटर योग्य हवं. कारखान्याचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो, गाडीनुसार थोडा इकडे-तिकडे. एकाच पॅनलवर अचानक दुप्पट आकडा आला तर तिथे पुन्हा रंगकाम झालेलं असू शकतं. फक्त चुंबकीय मीटर मात्र लोखंडावरच चालतं. स्पोर्ट्स कारचे बरेच पॅनल ॲल्युमिनियमचे असतात, त्यासाठी दोन्ही धातू ओळखणारं मीटर लागतं. कार्बन फायबर, प्लास्टिक किंवा कॉर्व्हेटसारख्या कंपोझिट बॉडीवर साधं मीटर काहीच सांगत नाही. तिथे कडा, रबरी पट्ट्यांवर उडालेले रंगाचे थेंब आणि बोल्टच्या डोक्यावर पान्याच्या खुणा शोधाव्या लागतात.

संरक्षक फिल्म लावायची असेल तर हे सगळं तिच्याआधी करा. फिल्मखाली डाग सापडला की रंगाचा दोष कारखान्याचा की फिल्मवाल्याचा, हा वाद संपत नाही. कारखान्याचा रंग भट्टीत पक्का झालेला असतो, त्यामुळे नव्या गाडीवर फिल्म लावायला आठवडे थांबावं लागत नाही. तो नियम नंतर गॅरेजमध्ये रंगवलेल्या पॅनलसाठी आहे.

गुडघे न टेकणं

जमिनीलगतच्या गाड्यांना ट्रेलरवरून उतरवताना हमखास एकाच ठिकाणी लागतं: पुढच्या बंपरची खालची ओठासारखी कड. उभ्याने ती दिसत नाही. चटई टाकून वाका, नाहीतर फोन खाली धरून व्हिडिओ काढा. चाकांच्या कडा चारही बाजूंनी बघा. गाडी लिफ्टवर चढवायला सांगायला अजिबात संकोच करू नका.

वाहतुकीच्या अवस्थेतली गाडी तशीच घेऊन निघणं

प्रवासात बॅटरी टिकावी म्हणून गाडी ट्रान्सपोर्ट मोडमध्ये असते. तो बंद करायचा राहिला तर रेडिओ, रिमोट किंवा मधला पडदा नीट चालत नाही आणि मालकाला गाडी बिघडलेलीच वाटते. टायरमध्ये नेहमीपेक्षा जास्त हवा भरलेली असते. काही कंपन्या गाडी ट्रेलरवर हलू नये म्हणून स्प्रिंगमध्ये ठोकळे बसवतात. ते काढायचे राहिले की सस्पेन्शन लाकडासारखं लागतं आणि 'स्पोर्ट्स कार आहे, कडक असणारच' अशी स्वतःची समजूत घालून लोक महिनोन्महिने तसेच चालवतात. पूर्वतपासणीचा सही-शिक्क्याचा तक्ता मागा आणि त्यात या तिन्ही ओळींवर खूण आहे का ते बघा. हवेचा दाब गार टायरवर स्वतः मोजा. योग्य आकडा दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाआड लिहिलेला असतो.

टायरवरचा चार आकडी कोडही वाचा. 2324 म्हणजे 2024 सालचा 23वा आठवडा. चारही टायर जवळपास एकाच काळातले असावेत आणि गाडीच्या निर्मितीशी जुळावेत.

किल्लीच्या डब्यात काय आहे ते न बघणं

दोन्ही किल्ल्या, ओढण्याचा हुक, पंक्चरचा संच, चोरीरोधक नटाची चावी, सोबत मागवलेलं कव्हर आणि बॅटरी चार्जर मोजून घ्या. एकाच मधल्या नटवर बसणारी चाकं असतील तर त्यांचा खास सॉकेटही घ्या. 911 जीटी3 वर तो नट 600 न्यूटन मीटरला आवळावा लागतो, रस्त्यात कुणाच्या साध्या पान्याने ते होणार नाही. विमा चाकं रस्त्याला लागण्याआधी सुरू झालेला हवा. वॉरंटी नेमक्या कुठल्या तारखेपासून धरली आहे, हेही लिहून घ्या.

तक्रार तोंडी सांगून सही करणं

सापडलेली प्रत्येक गोष्ट ताब्याच्या कागदावरच, सहीच्या वर, लिहायची. 'डाव्या दाराच्या खालच्या कडेला 2 सेंटिमीटरचा ओरखडा, विक्रेता दुरुस्त करून देईल, अमुक तारखेपर्यंत' इतकं स्पष्ट. दोघांच्या सह्या, फोटो आणि त्याच दिवशी त्या फोटोंसह ईमेल. दोष मोठा असेल तर किल्ली टेबलावर ठेवून परत या. महिनोन्महिने थांबलात, आणखी आठवडाभर थांबणं जड जातं हे मला कळतं, पण तुमच्या हातात असलेलं बळ त्या दिवसापुरतंच असतं.

पहिल्याच वळणावर जोर लावणं

नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो, ब्रेक पॅड अजून डिस्कवर बसलेले नसतात. पहिले दोन-तीनशे किलोमीटर दोन्हींची पकड अपुरी असते आणि गाडीची ताकद मात्र पूर्ण असते. नव्या गाड्या शोरूमजवळच ठोकल्या जातात त्यामागे हेही कारण असतं. उन्हाळी टायर 7 अंश सेल्सिअसच्या खाली कडक होतात, थंड सकाळी ते आणखी घसरतात.

इंजिनसाठी पुस्तिकेतला आकडा पाळा. पोर्शे 911 साठी पहिले 3,000 किलोमीटर 4,000 आरपीएमच्या आत राहायला सांगते. इतर कंपन्यांचे आकडे वेगळे आहेत. एकाच वेगाने तासन्तास हायवेवर जाण्यापेक्षा वेग आणि गियर बदलत राहणं इंजिनला मानवतं. तेल गरम होण्याआधी जोर लावू नका. पाण्याचा काटा आधी वर येतो, तेलाचा बराच नंतर, आणि बघायचा तो तेलाचा. लाँच कंट्रोल, म्हणजे थांबलेल्या गाडीला पूर्ण ताकदीने सुसाट सोडणारी सोय, या काळात विसरा.

पहिल्या आठवड्यात काय चालेल, काय नाही

पहिल्या एक-दोन फेऱ्यांत एक्झॉस्टमधून जळका वास आणि थोडी वाफ येते. संरक्षक लेप जळत असतात, ते थांबतं. सिरॅमिक ब्रेक हळू वेगात कुरकुरतात, तेही चालतं. थंडीत पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर पुढची रुंद चाकं उड्या मारल्यासारखी सरकतात. टायर गरम झाले की ते कमी होतं. एकाच वेळी पाच-सहा वेगवेगळे इशारे पेटले तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते. गाडीला लिथियम बॅटरी असेल तर तिला चालणाराच चार्जर लावा.

सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहणं किंवा गाडी एका बाजूला ओढणं मात्र खपवून घेऊ नका. चाकांचं अलाइनमेंट तपासून आधीचे-नंतरचे आकडे छापून मागा. ठरावीक वेगाला हादरे बसत असतील तर महिनोन्महिने एकाच जागी उभं राहून टायर चपटे झाले असतील. तीस-चाळीस किलोमीटर चालवून टायर गरम झाल्यावर हादरे गेले तर ठीक. नाही गेले तर बॅलन्सिंग करून घ्या, तेवढ्यानेही फरक पडला नाही तर टायर बदलून मागा, आणि प्रत्येक फेरीला जॉब कार्डवर तक्रार तुमच्याच शब्दांत लिहिली गेली आहे का ते वाचूनच गाडी सोडा.