ओल भिंतीतून येते की हवेतून?

पावसाळा सरला की विटांच्या घरात रंगाचे पोपडे सुटतात, जुन्या माळवदात खांबांची बुडं काळी पडतात. रंगाऱ्याला बोलावण्याआधी एवढं करा.

१. ओलसर जागी फूटभर प्लास्टिक लावून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा.
२. दोन दिवसांनी पाहा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतलीच; पन्हाळ, न्हाणीचा पाइप, जोत्यालगत साचणारं पाणी तपासा. खोलीकडच्या बाजूला असतील तर ती घरातली वाफ. खिडक्या उघडा.
३. लाकडी खांबाचं बूड स्क्रूड्रायव्हरने टोचा. टोक सहज रुतलं तर लगेच सुताराला दाखवा.

माळवदाच्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मात्र कृपा करून देऊ नका. ओल आत कोंडते, भिंतीतलं लाकूड कुजतं. चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा द्या.