ओपनरोड्समधे रस्त्याचा टेम्प्लेट करायला शिकताय? मग आधी हे वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी साईडची सिव्हिल झालेली बरीच पोरं आता पुण्या-बेंगळूरला हायवे डिझाइनमधे लागायलेत, आणि सगळ्यांचा फोन एकाच कारणासाठी, "दादा, व्हिडिओ बघून टेम्प्लेट केला पण कॉरिडॉर टाकला की फाटायलाय." म्हणून एकदाच लिहून ठेवतो. मी बेंटलीचं ओपनरोड्स डिझायनर वापरतो, म्हणजे रस्ता डिझाइन करायचं सॉफ्टवेअर. टेम्प्लेट म्हणजे रस्त्याचा आडवा छेद, तो रस्त्याच्या रेघेवर शेवटपर्यंत ओढला की झाला कॉरिडॉर. ऑटोडेस्कच्या सिव्हिल थ्रीडीवाल्यांनी टेम्प्लेटच्या जागी असेंब्ली वाचा, बटणं वेगळी पण डोकं तेच लागतं.

ऑटोकॅडमधे ७ मीटरची रेघ मारली की विषय संपला. इथं तसं नाही, प्रत्येक पॉइंट दुसऱ्या कुठल्या पॉइंटच्या भरवशावर उभा आहे ते सांगावं लागतं, त्यालाच कन्स्ट्रेंट म्हणतात. एका पॉइंटला जास्तीत जास्त दोन. दोन्ही लागले की पॉइंट लाल, एकच असला तर पिवळा, मोकळा असला तर हिरवा, म्हणजे सिग्नलच्या बरोबर उलट, इथं लाल दिसला की निवांत.

साधा टू लेन घ्या. ओरिजिनला सेंटर लाइन, तिथून उजवी कड ३.५ मीटर हॉरिझॉन्टल आणि स्लोप उणे २.५ टक्के, म्हणजे कड सेंटरपेक्षा ८७.५ मिमी खाली. हा कॅम्बर, म्हणजे पाणी वाहून जायला दिलेला आडवा उतार, पावसावर ठरतो. खानापूर-जांबोटीकडं डांबरी रस्त्याला २.५ लागणारच, अथणीकडं २ वर भागतं. मातीचा शोल्डर (डांबराच्या कडेची पट्टी) त्याहून किमान अर्धा टक्का जास्त उतरता ठेवायचा, नाहीतर पाणी तिथंच तुंबतं.

आता खरी गंमत थरांची. वर डांबराचे बीसी आणि डीबीएम, मग खडीचे डब्ल्यूएमएम आणि जीएसबी, खाली ५०० मिमी सबग्रेड म्हणजे दाबलेली माती. जाडी पेव्हमेंट डिझाइनवाला देतो, तुम्ही फक्त भरायची. पण खालच्या थराच्या कडेला वेगळा २.५ टक्के स्लोप देऊ नका. तिचा पॅरेंट, म्हणजे जिच्या भरवशावर ती उभी आहे तो पॉइंट, वरचीच कड ठेवा आणि व्हर्टिकलमधे उणे जाडी घाला. का, तर वळणावर सुपरएलिव्हेशन (बाहेरची कड उचलून दिलेला एकतर्फी उतार) लागलं की सॉफ्टवेअर फक्त वरच्या कडेचा स्लोप बदलतं, तिच्यावर अवलंबून असलेले पॉइंट बरोबर फिरतात आणि स्वतःचा स्लोप धरून बसलेले तिथंच राहतात. ७ टक्के सुपरला बाहेरची कड सेंटरच्या २४५ मिमी वर जाते, खालचा थर मात्र ८७.५ खालीच, म्हणजे तिथं ३३२.५ मिमी जादा माल, आणि आतल्या कडेला १५७.५ मिमी कमी! क्वांटिटी काढली की हे सगळं बीओक्यूत (कामाच्या मापांच्या यादीत) जातं, आणि सरळ रस्त्याचं सेक्शन बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही.

कॉरिडॉर फाटायचं कारण बहुतेक वेळा नावात असतं. एका टेम्प्लेटमधे उजव्या कडेला ईपी_आर आणि पुढच्यात आर_ईपी लिहिलं की सॉफ्टवेअरला ते दोन वेगळे पॉइंट वाटतात, रेघ तिथंच तुटते. नावांची यादी पहिल्या दिवशीच ऑफिसकडून मागून घ्या, स्वतःची अक्कल चालवू नका.

एंड कंडिशनला, म्हणजे रस्त्याच्या कडेपासून जमिनीला जाऊन भिडणाऱ्या उताराला, भराव १:२ म्हणजे ५० टक्के, खोदाईचा स्लोप जिओटेक (माती तपासणीच्या) रिपोर्टप्रमाणे. खानापूरची जांभी आणि गोकाककडची काळी माती एका मापात बसत नाही. खोदाईच्या आधी गटार. मग टेस्ट बटण दाबून माउसनं जमीन वरखाली करून बघा. खासकरून जमीन शोल्डरच्या लेव्हलच्या आसपास असताना काय होतं ते बघा, कारण गटार बसत नाही आणि भरावही लागत नाही अशी जागा तिथंच सापडते. उंच भरावाला शेवटच्या पॉइंटवर इन्फिनिट (जमीन लागेपर्यंत स्लोप लांबवायचा पर्याय) टिक केलं नसेल तर स्लोप जमिनीपर्यंत पोचतच नाही, चोर्ल्यासारख्या घाटात तर हे हमखास.

वेंगुर्ला रोडला बाची सोडून शिनोळी आली की राज्य बदलतं, एसआर (सरकारी दरांची यादी) बदलतो, पण वर सांगितलेलं काहीच बदलत नाही, त्यामुळं नोकरी कुठंही लागू दे.

विद्यार्थ्यांना बेंटली आणि ऑटोडेस्क दोघांचंही सॉफ्टवेअर शिकण्यासाठी फुकट मिळतं, कॉलेजचा मेल आयडी चालू आहे तोवर घेऊन टाका. इंटरव्ह्यूला जाताना स्वतःची आयटीएल फाइल (ओपनरोड्सची टेम्प्लेट लायब्ररी) आणि तीन सेक्शनची प्रिंट न्या, एक भरावातलं, एक खोदाईतलं, एक वळणावरचं. वळणावरचंच आधी पुढं करा.