‘पैठणी’ शब्द ओळखा, मग पदर उलटा

पैठणी म्हणजे पैठणची. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. त्याचंच पुढे पैठण झालं आणि कापडालाही गावाचं नाव चिकटलं. आज येवल्यात विणलेलीही पैठणीच, म्हणून नुसत्या नावावर भुलू नका; हातमागाची आणि रेशमाची आहे का ते तपासा.

आधी पदर उलटा. हातमागावर मोर, कमळ धाग्यात धागा अडकवून विणतात, त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. मागे लोंबते, कापलेले धागे दिसले तर ती बहुधा जॅकार्डची, म्हणजे नक्षी यंत्राच्या मदतीने विणलेली. ‘सेमी पैठणी’ हा तिच्यासाठी दुकानदारांचा शब्द!

मग पदराच्या दशीतला एकच धागा, जरीचा नव्हे, चिमट्यात धरून जाळा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, राख चुरगळते. पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते.