चवथीच्या व्हिडिओला एआयवर झटपट गाणं कसं करायचं (घुमट मात्र आपणच वाजवायचं)

चवथ (गणेश चतुर्थी) आठ दिवसांवर आली की वाड्यावरच्या ग्रुपवर कुणीतरी टाकतंच, यंदा माटोळीच्या (गणपतीवर फळं-फुलं बांधतात ती चौकट) व्हिडिओला गाणं आपलं हवं. पेटीवाला मुंबईत, गाणारा ड्युटीवर, मग काय, एआय. सुनोसारखी ॲप्स शब्द दिले की एक-दोन मिनिटांत चाल, गळा, वाद्यं सगळं करून देतात.

पण शब्द तुम्हीच लिहा. एआयला सांगितलंत तर 'मंगलमय, आनंदमय' असलंच काहीतरी येतं, ते कुठल्याही गावाला चालतं. त्यापेक्षा आपल्या माटोळीत काय बांधलंय ते घ्या, सुपारीचा घड, कांगलां, चिबूड. चार ओळींचं ध्रुवपद, दोन कडवी, पुरे. ओळी सारख्या लांबीच्या ठेवा, एखादी लांबली की ती घाईघाईने कोंबून गातो आणि सगळी मजा जाते.

मग कस्टम मोडमध्ये जाऊन शब्द देवनागरीतच पेस्ट करा, ध्रुवपदाच्या डोक्यावर चौकटी कंसात कोरस, कडव्याच्या डोक्यावर व्हर्स, हे दोन शब्द इंग्रजीत. स्टाइलच्या खान्यात नुसतं भजन लिहू नका, हिंदी पिक्चरमधलं येईल. पेटी, झांज, मध्यम लय, पुरुषाचा आवाज, मागे कोरस असं सुटं सुटं इंग्रजीत लिहा, आणि ड्रम्स नको हे पण लिहा, का ते सांगतो. गायकाचं नाव टाकू नका, घेत नाही.

एका वेळी दोन गाणी येतात, दोन्ही पूर्ण ऐका. खरी डोकेदुखी उच्चारांची. आमच्या 'माटोळी'ची तीनदा 'माटोली' झाली, शब्द ओळीच्या शेवटी होता आणि सूर लांबवला की ळ चा ल व्हायचा. ओळीच्या मधे आणला, चौथ्यांदा जमलं.

आता घुमट, मडक्याच्या एका तोंडाला चामडं ताणून केलेलं वाद्य. 2019 साली ते गोव्याचं हेरिटेज वाद्य जाहीर झालं, पण एआयला लिहून बघा, तबल्यासारखं काहीतरी वाजवून देईल. डाव्या हाताने मडक्याचं उघडं तोंड झाकत-सोडत जो घुमारा काढतात तो कुठून आणणार? म्हणूनच ड्रम्स नको म्हटलं. कानात इयरफोन घालून गाणं ऐकत घुमट वाजवा, जमलं तर शामेळ (घुमटाच्या साथीचं तालवाद्य) पण, फोनवर रेकॉर्ड करा, आणि ऑडॅसिटीत (फुकट आहे) दोन्ही ट्रॅक एकाखाली एक लावून जुळवा. घोरपडीच्या चामड्यावर बंदी आहे, बकऱ्याचं घुमट घ्या, व्हिडिओत दिसणारच आहे ते.

सुनोच्या फुकट प्लॅनवरचं गाणं धंद्याला वापरता येत नाही. वाड्याच्या ग्रुपला ठीक, पण स्पॉन्सरची जाहिरात जोडणार असाल तर आधी पैसे भरा आणि मग गाणं करा, नंतर भरून जुन्याला चालत नाही.

शेवटी फोनच्या स्पीकरवर ऐका. घुमाऱ्याचा खालचा भाग तिथे ऐकूच येत नाही, नुसती टकटक राहते, तसं वाटलं तर गाण्याच्या ट्रॅकचा आवाज थोडा कमी करा.