क्रीटमध्ये जेवायचं कुठे आणि मागायचं कसं

ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या हान्या शहरातलं जुनं व्हेनिशियन बंदर देखणं आहे, पण तिथे जेवायला बसू नका. दारात उभं राहून हाका मारणारा माणूस आणि जेवणाच्या फोटोंचं सात भाषांतलं मेन्यूकार्ड दिसलं की पुढे चालायला लागा. तिथे कॉफी प्यावी, सूर्यास्त बघावा आणि उठावं. जेवायला मागच्या गल्ल्यांत स्प्लान्झियाच्या चौकाकडे जावं, नाहीतर पूर्वेला ताबाकारियाकडे, जिथे समुद्रकाठच्या जुन्या कातडी कमावण्याच्या इमारती अजून उभ्या आहेत.

क्रीटमध्ये एका ठिकाणी सगळं चांगलं मिळत नाही, म्हणून कुठलं दुकान कशासाठी हे आधी ओळखावं. ‘फुर्नोस’ म्हणजे भट्टीवाला: पाव आणि भाजी भरून भाजलेली पेस्ट्री. ‘झाखारोप्लास्तियो’ म्हणजे मिठाईवाला. ‘प्सारोतावेर्ना’ माशांसाठी, ‘प्सिस्तारिया’ निखाऱ्यावरच्या मटणासाठी. आणि ‘मायिरियो’ म्हणजे आपल्या खानावळीची चुलत बहीण. सकाळी शिजवलेले पदार्थ मोठ्या ट्रेमध्ये काचेमागे मांडलेले असतात. भाषा येत नसली तरी बोट दाखवून काम होतं. इथे दुपारी एक-दीडला जावं, रात्री गेलात तर तळाला उरलेलं मिळेल. भाज्या कोमट येतात म्हणून परत पाठवू नका. तेलात शिजवलेल्या या भाज्यांना ‘लादेरा’ म्हणतात आणि त्या कोमटच खायच्या असतात, मुरल्यावर चव येते.

बाकी ठिकाणी दुपारचं जेवण दोन ते चार आणि रात्रीचं नऊनंतर. सात वाजता भरलेलं हॉटेल पर्यटकांचं समजावं.

सकाळी बुगात्सा. हान्यात अपोकोरोनू रस्त्यावरचं ‘इओर्दानिस’ 1924 पासून एवढंच विकतं: पातळ पापुद्र्यांत मिझिथ्रा नावाचं मऊ, किंचित खारट चीज, तुकडे करून, वर हवी तर साखर आणि दालचिनी. पहिल्या वेळी साखर घ्याच, खारट-गोड एकत्र आल्याशिवाय तो पदार्थ कळत नाही. इराक्लिओ शहरात सिंहांच्या कारंज्याच्या चौकात ‘किर्कोर’ आणि ‘फिलो सोफीस’ शेजारी शेजारी आहेत, दोन्ही 1922 ची. तिथे गोड क्रीमचाही बुगात्सा मिळतो, त्यामुळे ‘मिझिथ्रा’ की ‘क्रेमा’ हे सांगावं लागतं. पार्सल नेऊ नका, वाफेने पापुद्रे लगेच मऊ पडतात.

शाकाहारी माणसाची इथे चंगळ आहे, पण तीन-चार फसव्या जागा आहेत. बिनधास्त मागा: दाकोस (जवाचा खडखडीत टोस्ट, वर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा, ऑलिव्ह तेल, ओरेगानो), हान्याचं बुरेकी (बटाटा, झुकिनी, मिझिथ्रा, पुदिना), फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वाटण, आणि उकडलेल्या रानभाज्या ‘होर्ता’. त्यातली ‘स्तामनागाथी’ मिळाली तर सोडू नका. थोडी कडवट असते, लिंबू पिळून खावी. दाकोसचा टोस्ट वरून ओला आणि मधे करकरीत असावा. पूर्ण लगदा झाला असेल तर तो आधीच करून ठेवलेला आहे.

आता फसव्या जागा. ‘गामोपिलाफो’ हा लग्नाचा भात पांढरा, मऊ, लिंबाचा, अगदी निरागस दिसतो, पण तो मटण-कोंबडीच्या रश्शात शिजवतात. भरलेल्या टोमॅटो-मिरच्यांत, द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांत कधी भात असतो, कधी खिमा. विचारायला सोपं आहे, कारण ग्रीकमध्येही खिम्याला ‘किमा’च म्हणतात: ‘होरिस किमा?’ म्हणजे ‘खिम्याशिवाय?’. ‘निस्तीसिमा’ म्हणजे उपासाचे पदार्थ. त्यांत मटण, दूध, अंडी नसतात, पण ऑक्टोपस आणि शिंपल्या चालतात, त्यामुळे नुसत्या त्या शब्दावर विसंबू नका. फेटा आणि ग्रावियेरा ही चीज पारंपरिक पद्धतीने प्राण्यांच्या रेनेटने (जठरातून काढलेल्या विरजणाने) विरजतात, कडक पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आणि सगळ्यात मोठा घोटाळा: ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो. आपल्या कानाला ते ‘नाय’सारखं लागतं. नाही म्हणायला ‘ओही’, किंवा नुसती मान वर झटकून ‘च्’. मटण आहे का, या प्रश्नाला ‘ने’ आलं की ताट पुढे सरकवा.

मासा किलोवर असतो, प्लेटवर नाही. कार्डावर 60 युरो लिहिलंय म्हणजे किलोचे. तुमचा मासा कच्चा 700 ग्रॅम भरला तर 42 युरो. म्हणून आत जाऊन मासा स्वतः निवडा, डोळे आणि कल्ले बघा (हे कोकणातल्या माणसाला शिकवायला नको), समोर वजन करून घ्या आणि भाजायला सांगा. ‘त्सिपुरा’ आणि ‘लाव्राकी’ बहुतेक वेळा शेततळ्यासारख्या पिंजऱ्यांतले असतात. स्वस्तात ताजं हवं तर ‘गावरोस’ किंवा ‘मारिदा’: मांदेलीसारखे छोटे, अख्खे तळलेले, डोक्यासकट खायचे. नावापुढे चांदणी असली तर तो पदार्थ गोठवलेला आहे.

मटणासाठी डोंगरात जावं. प्सिलोरितिसच्या पायथ्याचं अनोगिया ‘आन्तिक्रिस्तो’साठी प्रसिद्ध आहे. मेंढीच्या कोकराचे मोठे तुकडे नुसत्या मिठात, सळ्यांवर, आगीच्या वर नाही तर भोवती उभे लावतात. काही तास लागतात, त्यामुळे दुपारचीच वेळ धरा. रेथिम्नोजवळ अर्गिरूपोलीला झऱ्यांच्या काठी हेच आणि ट्राउट मासा मिळतो. दक्षिणेला स्फाकियात गेलात तर ‘स्फाकियानी पिता’: आत चीज, वर मध, तव्यावर भाजलेली. दिसते आपल्या पुरणपोळीसारखी, पण सारण खारट-आंबट.

दोघांना तीन पदार्थ पुरतात: एक दाकोस, एक होर्ता, एक मुख्य. ताटं मधे ठेवून वाटून खायची असतात, आणि सुरुवातीलाच सहा मागवले तर निम्मं उरतं. घरची वाइनही किलोवर: ‘मिसो किलो’ म्हणजे अर्धा लिटर. पाव न मागता येतो आणि त्याचे थोडे पैसे बिलात लागतात.

बिल मागितल्यावर बहुतेक ठिकाणी फळं किंवा गोड आणि ‘राकी’ या कडक दारूची छोटी बाटली फुकट येते. हिलाच त्सिकुदिया म्हणतात, द्राक्षाच्या चोथ्यापासून काढतात. बाटली संपवण्याची सक्ती नाही, आणि गाडी चालवणाऱ्याने हात लावू नये, कारण परतीची वाट वळणांची असते. पावती घ्या. पावती दिली नाही तर पैसे देणं बंधनकारक नाही, असं कार्डावरच छापलेलं असतं.

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत किनाऱ्यावरची बरीच दुकानं बंद असतात. तेव्हा हान्या, रेथिम्नो किंवा इराक्लिओतच मुक्काम ठेवा.