लोखंडी शेड घेताय? वारा, पाऊस आणि ओल विसरून केलेल्या या चुका टाळा

शेड घ्यायची म्हटलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला, पत्रा किती जाडीचा? मी पण तेच विचारलं होतं. माझ्या पहिल्या शेडला पत्रा खरंच चांगला होता, ठोकून बघितला, वाकवून बघितला, रंग पण झकास, आणि दुसऱ्याच वर्षी एका वादळात मागच्या कोपऱ्यातले चार पत्रे गेले. सकाळी जाऊन बघतो तर पत्रे लांब जाऊन पडलेले, वाकलेले पण फाटलेले नाहीत, भोकं जवळपास जशीच्या तशी आणि त्यातल्या बऱ्याच भोकांत स्क्रू अजून लटकतायत. म्हणजे पत्र्याने स्क्रू सोडलाच नव्हता, स्क्रूने खालची पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यावर बसतो ती आडवी लोखंडी तुळई, सोडली होती. पर्लिनच इतकी पातळ की आट्यांना धरायला लोखंड नव्हतं. मी पत्र्याची जाडी विचारत बसलो आणि पर्लिनची विचारायची राहून गेली.

तेव्हापासून कुणाचेही पत्रे उडाले की मी आधी भोकं बघतो. भोकाभोवती पत्रा फाटलाय आणि स्क्रू वॉशरसकट पर्लिनवर तसाच उभा असेल तर स्क्रू कमी पडलेत, नाहीतर वॉशर लहान किंवा पत्राच पातळ. स्क्रू पत्र्याबरोबर आले असतील तर माझ्यासारखी पर्लिन, किंवा स्क्रूच चुकीचा निवडलाय. पर्लिनसकट गेलं असेल तर क्लीट (पर्लिन खालच्या फ्रेमला जोडणारा लोखंडी तुकडा) आणि वेल्डिंग बघा. आणि कॉलमच उपटून आला असेल तर विषय थेट जमिनीत गेला. वाऱ्याचा जोर पत्र्यावरून स्क्रूवर, तिथून पर्लिन, राफ्टर (पर्लिनला धरणारी तिरकी तुळई), कॉलम, अँकर बोल्ट (कॉलम काँक्रीटला धरून ठेवणारे) आणि शेवटी फुटिंग (जमिनीतला काँक्रीटचा पाया) असा उतरत जातो, यातलं सगळ्यात कच्चं जिथे असेल तिथे सुटतं. त्यामुळे नुसते नवीन पत्रे ठोकून घेतले, ते पण त्याच पर्लिनवर, तर पुढच्या वादळात परत तेच.

वजन खाली येतं एवढाच हिशोब करणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो. शेड हलकी असते, वारा तिला नुसता ढकलत नाही, वर ओढतो. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, दुप्पट नाही. ढोबळ सूत्र असं की वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. ताशी ७२ किमी वारा म्हणजे सेकंदाला २० मीटर, दाब २४० न्यूटन, म्हणजे साधारण २४ किलो. ताशी १४४ किमी झाला की तोच दाब ९६०, म्हणजे चौरस मीटरला साधारण ९८ किलो.

आता ६ मीटर रुंद, ९ मीटर लांब अशी छोटी शेड घ्या, दर ३ मीटरला एक फ्रेम. मधल्या एका कॉलमच्या वाट्याला ३ बाय ३ म्हणजे ९ चौरस मीटर छप्पर येतं. वादळात मोठं दार उघडं राहिलं तर आतून हवा फुग्यासारखी दाबते आणि वरून वारा ओढतो, दोन्ही मिळून त्या ९८ किलोच्या १.२ पट जरी धरलं तरी ९ चौरस मीटरला साधारण १,०५० किलोची ओढ, वरच्या दिशेने. पत्रा, पर्लिन, राफ्टर सगळं धरून छपराचं वजन चौरस मीटरला १५ किलो धरलं तर १३५ किलो गेले, उरले ९०० च्या वर. खाली ६० बाय ६० सेंमीचं, ७५ सेंमी खोल फुटिंग असेल तर त्यात ०.२७ घनमीटर काँक्रीट बसतं, वजन साधारण ६५० किलो. बसतंय का गणित? नाही बसत. आजूबाजूची माती धरून ठेवेल म्हणाल तर वादळाबरोबर पाऊस येतो आणि भिजलेल्या भुसभुशीत मातीवर मी तरी भरवसा ठेवणार नाही. हा नुसता अंदाज यावा म्हणून केलेला हिशोब आहे बरं का, खरं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या, पण एवढं डोक्यात असलं की "फुटिंग जरा लहान केलं तरी चालतंय" असं कुणी म्हटलं की आपण गप्प बसत नाही.

अजून एक, ओढ सगळीकडे सारखी नसते. कोपरे, वळचण, आढ्याच्या दोन्ही बाजू इथे ती खूप जास्त असते, म्हणूनच वादळात कोपऱ्यातले पत्रे आधी जातात (माझे पण कोपऱ्यातलेच गेले). तरी स्क्रू मात्र सगळीकडे एकाच अंतराने मारलेले दिसतात. कडेच्या पट्ट्यात स्क्रू जवळ जवळ हवेत आणि पर्लिन पण.

"इकडे सगळे असंच करतात"

एकाच भागातल्या दोन शेड पण वेगळ्या असतात. झाडं आणि इमारतींच्या आडोशाला असलेली शेड आणि मोकळ्या माळावर किंवा टेकडीच्या माथ्यावर असलेली शेड यांना वारा सारखा लागत नाही, माथ्यावर तर वाऱ्याचा वेग वाढतो. म्हणून सप्लायरला नुसतं "वादळात टिकेल ना?" विचारू नका, त्याचं उत्तर कायम हो असतं. कोणत्या वेगाच्या वाऱ्याला डिझाइन केलंय, तो वेग कुठल्या कोडमधून (बांधकामाच्या मानकातून) घेतला, मोकळी जागा धरलीय की आडोसा, दारं उघडी धरलीत की बंद, आणि कॉलमखाली वरच्या दिशेची ओढ किती आली, हे ड्रॉइंगवर लिहून मागा. जो लिहून देत नाही त्याच्याकडे बहुतेक हिशोबच नसतो. "पन्नास वर्षांत एकदा येणारा वारा" हे वाचून पण निवांत होऊ नका, त्याचा अर्थ दरवर्षी २ टक्के शक्यता, आणि २५ वर्षं शेड वापरली तर तो वारा एकदा तरी येण्याची शक्यता साधारण ४० टक्के होते.

यातच मोडणारी एक चूक म्हणजे आधी चारही बाजूंनी उघडी शेड घ्यायची आणि मग पाऊस आत येतो म्हणून दोन वर्षांनी तीन बाजूंना पत्रे मारायचे. उघडी होती तेव्हा वारा आरपार जात होता, आता तो आत शिरतो आणि छप्पर उचलायला बघतो, कॉलम आणि फुटिंग मात्र जुनेच. पुढे बाजू बंद करायच्या असतील किंवा वर सोलर लावायचं असेल तर ते पहिल्याच दिवशी सांगून टाका.

ब्रेसिंगबद्दल थोडक्यात. भिंतीत आणि छपरात तिरके रॉड असतात ते दार काढायला किंवा सामान ठेवायला आडवे येतात म्हणून कापून टाकणारे लोक मी बघितलेत. चौकोन तिरका होऊ शकतो, त्रिकोण होत नाही, तो रॉड त्यासाठीच असतो. दुसऱ्या बाजूला हलवता येतो, पण इंजिनिअरला विचारून. आणि रॉड हाताने हलवला तर खुळखुळत असेल तर तो काम करत नाहीये, टर्नबकल (रॉड ताणायची फिरकी) आवळून घ्या.

जाडी कुठली सांगतायत ते न विचारणं

पत्र्याची जाडी दोन प्रकारे सांगतात, नुसत्या स्टीलची आणि कोटिंग धरून. ०.४२ मिमी स्टीलवर कोटिंग चढलं की तोच पत्रा ०.४७ होतो, आणि विकताना अर्थातच मोठा आकडा पुढे येतो. दोन कोटेशनची तुलना करताना दोघांकडून स्टीलचीच जाडी घ्या. तसंच कोटिंगचं, झेड २७५ म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त, एका बाजूला साधारण २० मायक्रॉन. नुसतं "गॅल्व्हनाइज्ड आहे" म्हणजे काहीच सांगितलं नाही.

गंजाच्या बाबतीत हवामानाचे वर्ग आहेत, आयएसओ ९२२३ मध्ये सी१ ते सी५ आणि त्याच्या पुढे सीएक्स. कोरड्या, आतल्या जागेला सी१, खारी दमट हवा किंवा कारखान्याचा धूर असेल तर वरचे वर्ग. आपली जागा कशात बसते ते विचारून त्याप्रमाणे कोटिंग घ्या. समुद्राजवळ एक मजा दिसते, पावसात धुतला जाणारा वरचा पत्रा बरा असतो आणि वळचणीखालचा, जिथे पाऊस पोचतच नाही, तो आधी गंजतो, कारण तिथलं मीठ कधी धुतलंच जात नाही. वर्षातून दोन-चार वेळा तिथे साध्या पाण्याचा पाइप मारा. जनावरांच्या शेडला अ‍ॅल्युमिनियम-झिंकचा पत्रा घेण्याआधी वॉरंटी वाचा, मूत्राच्या अमोनियाने तो खराब होतो आणि बरेच उत्पादक अशा वापराला वॉरंटी देत नाहीत. आणि तांब्यावरून आलेलं पाणी, म्हणजे अगदी एसीच्या तांब्याच्या पाइपवरून ठिबकणारं पण, जस्ताच्या पत्र्यावर पडू देऊ नका, जिथे पडतं तिथे जस्त खाल्लं जातं.

साइटवर आलेले पत्रे एकावर एक रचून पावसात ठेवणं ही तर अगदी नेहमीची. दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकतं, हवा लागत नाही आणि पांढरी भुकटी धरते, मग लोक म्हणतात माल खराब आला. एका बाजूने थोडा उतार देऊन, जमिनीपासून वर आणि झाकून ठेवा. पत्रा ग्राइंडरने कापला तर ठिणग्या शेजारच्या पत्र्यावर बसतात आणि महिन्याभरात तिथे तांबडे ठिपके येतात, स्क्रू मारताना पडलेला लोखंडाचा चुरा पण तसाच. पत्रा कात्रीने कापा आणि संध्याकाळी छप्पर झाडूनच खाली उतरा.

गळतंय कुठून?

गळती म्हटलं की सगळे आधी वर सिलिकॉन घेऊन चढतात. थांबा, आधी बघा पाणी कधी पडतं. पाऊस नसताना, रात्री आभाळ निरभ्र असताना पहाटे सगळ्या पर्लिनच्या रांगेने थेंब पडत असतील तर ती गळती नाही, दव आहे. रात्री पत्रा उघड्या आभाळाकडे उष्णता सोडून आजूबाजूच्या हवेपेक्षा पण गार होतो आणि आतल्या हवेतली वाफ त्याच्यावर धरते. त्याला सिलिकॉन काही करत नाही. खाली हवा यायला आणि आढ्याला बाहेर पडायला वाट ठेवा, दमट भागात पत्र्याखाली इन्सुलेशन घेताना बाष्प अडवणारा थर आतल्या बाजूला येईल असं लावा, नाहीतर इन्सुलेशनच ओलं होऊन लोंबतं.

पावसातच आणि एकाच जागी गळत असेल तर स्क्रू बघा. रबरी वॉशर चपटा होऊन बाहेर फुगलाय म्हणजे जास्त आवळला, हाताने फिरतोय म्हणजे कमी, आणि तिरका बसलाय तर तो काढून सरळ मारल्याशिवाय गत्यंतर नाही. पत्रा लांब असेल तर उन्हाने पण भोकं मोठी होतात, १२ मीटरचा पत्रा ५० अंशांच्या फरकाने साधारण ७ मिमी वाढतो आणि रोज पुढे-मागे होत राहतो. फार लांब एकसंध पत्रा हवा असेल तर सरकू देणारी क्लिपची सिस्टिम विचारा. बाजूच्या ओव्हरलॅपचं तोंड वाऱ्या-पावसाच्या दिशेला नको, म्हणून पत्रे टाकायला सुरुवात वारा ज्या बाजूने येतो त्याच्या उलट टोकापासून करायची, फिटरला हे आधीच सांगा, नंतर बदलता येत नाही.

पन्हाळीचा हिशोब तर सोपा आहे, १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. १०० चौरस मीटर छपरावर तासाला १०० मिमी पडला तर तासाला १०,००० लिटर, मिनिटाला जवळपास १६७. एका बारक्या पाइपने ते जाणार नाही, त्यात पानं अडकली तर विचारूच नका. दोन शेडच्या मधली पन्हाळ असेल तर तिला जादाचं पाणी बाहेर पडायला टोकाला वेगळी वाट ठेवाच, ती नसली की पाणी सरळ आत.

बर्फ पडणाऱ्या भागात हाच हिशोब उलटा. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण १०० किलो, भिजून दबलेला ३०० किंवा जास्त, म्हणजे ३० सेंमी ओला बर्फ चौरस मीटरला ९० किलो. शेजारी उंच भिंत असेल तर बर्फ तिच्या पायथ्याशी ढिगाने साचतो, तिथल्या पर्लिन वेगळ्या जाड घ्याव्या लागतात. गरम भागातलं तयार डिझाइन उचलून तिथे लावलं की छप्पर मधेच बसतं.

आणि शेड उभी राहिली, बिल दिलं, की लगेच विसरू नका. पहिलं मोठं वादळ होऊन गेलं की दुसऱ्या दिवशी एक चक्कर मारा, बेस प्लेटचे (कॉलमच्या बुडाच्या लोखंडी प्लेटचे) नट, ब्रेसिंगचे टर्नबकल, कोपऱ्यातले स्क्रू, कॉलमच्या बुडाशी माती खचलीय का. माझ्या दुसऱ्या शेडला अशाच फेरीत दोन नट हाताने फिरवता आले होते, नट सैल होऊ नये म्हणून फिटरने डबल नट पण नाही, काहीच लावलं नव्हतं. दहा मिनिटांचं काम होतं, पाना बरोबर नेला होता म्हणून तिथेच झालं.